अनोळखी वाचकाचा अधिकार

व्हीएसएफटीपीडी नावाचा एक छोटा प्रोग्रॅम आहे. आपल्या संगणकावरच्या फाइली दुसऱ्या गावच्या माणसाला नेता याव्यात, एवढंच त्याचं काम. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर एका ओळीच्या आज्ञेनं तो बसतो. मग त्याची सेटिंगची फाइल उघडायची, की वरच्या वरच एक ओळ भेटते : अ‍ॅनॉनिमस एनेबल, पुढे बरोबरचं चिन्ह, पुढे यस किंवा नो. नाव न सांगणाऱ्याला आत येऊ द्यायचं का, असं ती विचारते. अमरावतीच्या एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी गेली आणि त्या काळात पोरापोरींना मी ‘तिथं नो लिहा अन् पुढं चला’ असंच सांगत आले. निवृत्त होऊन अकोल्याला आल्यावर मात्र त्याच ओळीशी मी अडून बसले, कारण या वेळी फोल्डरमध्ये पोथ्या होत्या.

पोथ्या रिद्धपूरकडच्या. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातलं हे गाव महानुभावांची काशी. गोविंदप्रभू इथं राहिले, वावरले. इथल्याच वाजेश्वरीत बसून म्हाइंभटांनी १२७८च्या सुमारास लीळाचरित्र लिहिलं. मराठी गद्याचा उगम दाखवायचा तर याच गावाकडे बोट करावं लागतं, आणि २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं तेही इथंच. मी स्वतः महानुभाव नाही. आमचं घर माळकरी. शेगावची पालखी अकोल्यातून जाते तेव्हा रस्त्यावर पाण्याचे जार घेऊन उभं राहणारं. पण माझं माहेर चांदूरबाजारकडचं, त्यामुळे रिद्धपूरच्या बाजूच्या एका मठातले वृद्ध संन्यासी मला लहानपणापासून ओळखतात. मी त्यांना दादा म्हणते, ते मला ताई. भेटलं की आधी ‘दंडवत प्रणाम’, बाकीचं मागून.

मठातल्या काही पोथ्यांचे फोटो काढून झाले होते. पानं दादांनी स्वतः उलटून दिली; दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. एकेका पानाची फाइल एवढी जड की पोथी पुरी होता होता पेनड्राइव्ह भरून जायचा. नागपूरची एक अभ्यासक मुलगी मागत होती, पुण्याहून एक प्राध्यापक मागत होते आणि पंजाबातून पंथाचेच कुणीतरी मागत होते. हे शेवटचं ऐकून बाहेरच्यांना नवल वाटतं. महानुभाव पंथ वऱ्हाडातून थेट पंजाबात, पेशावर-काबूलपर्यंत गेला. तिकडे त्याला जयकृष्णी म्हणतात, आणि घरात पंजाबी बोलणारी माणसं धर्मग्रंथ मराठीतून वाचतात. त्यांना कुरिअरनं पेनड्राइव्ह पाठवत बसण्यापेक्षा घरातला जुना संगणक कामाला लावावा, असं मी ठरवलं. इंटरनेटवाल्याकडून न बदलणारा पत्ता घेतला, राउटरमध्ये एकविसाव्या क्रमांकाचा दरवाजा उघडला, फाइली ने-आण करायला वरचे काही दरवाजे राखून ठेवले. एखाद्या मोठ्या कंपनीच्या साठवणीत टाकून लिंक पाठवणं सोपं होतं, हे खरं. पण वैशाखात आमच्याकडे पारा पंचेचाळिशीच्या वर जातो आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो. आज्ञा लिहून चालणाऱ्या या जुन्या पद्धतीत अर्धी उतरलेली फाइल जिथं तुटली तिथून पुढे उतरवता येते. शिवाय कंपनी मधे आली की वाचणाऱ्याचा मोबाइल नंबर आधी तिला हवा असतो. मला ते नको होतं.

तर, दार कुणाला उघडायचं?

फाइल पाठवण्याच्या या रीतीचा, म्हणजे एफटीपीचा, पहिला मसुदा एका भारतीयानं लिहिला आहे. अभय भूषण हे कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीतले. अमेरिकेत एमआयटीत असताना एप्रिल १९७१ मध्ये त्यांनी तो मांडला; इंटरनेटच्या नियमपत्रांत त्याचा क्रमांक ११४. तेव्हा जाळ्यावर संगणकच मोजके होते. पुढे विद्यापीठांनी आपल्या फाइली सगळ्यांसाठी ठेवायला सुरुवात केली आणि एक रीत पडली. नावाच्या जागी ‘अ‍ॅनॉनिमस’ लिहायचं, म्हणजे अनामिक, आणि पासवर्डच्या जागी सभ्यपणानं आपला ईमेल पत्ता. १९९४ च्या एका नियमपत्रात ही रीत नीट लिहून ठेवलेली आहे. पत्ता खरा की खोटा हे सर्व्हर सहसा तपासत नसे. नाव सांगू नका, पण खरं बोला, अशी ती अपेक्षा होती. मला ती फार आवडते.

छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम हारिद्रुमत गौतमांकडे गेला तेव्हा त्यांनी गोत्र विचारलं. त्यानं सांगितलं, आईला माहीत नाही, तरुणपणी ती बऱ्याच घरी कामाला होती. मी जबालेचा सत्यकाम, एवढंच ठाऊक आहे. गौतमांनी त्याला ठेवून घेतलं. ही गोष्ट आपण औदार्याची म्हणून सांगतो, आणि आहेच. पण नीट वाचली तर गौतमांनी आधी असं ठरवलं की एवढं खरं बोलणारा ब्राह्मणच असणार, आणि मग समिधा आणायला सांगितलं. दार उघडलं खरं, पण त्याचं नाव यादीत घालून. मुलगा खोटं बोलला असता तर? किंवा खरं बोलून दुसऱ्याच कुळाचा निघाला असता तर? ज्ञान मागणाऱ्याला ‘तू कोण’ हा प्रश्न विचारावा का, हे उपनिषदाला सुटलेलं नाही. मग माझ्या सेटिंगच्या फाइलीला ते कुठून सुटणार!

मी दादांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “म्हन्जे नाव नाई सांगत त्यालेबी पोथी भेटते?”

म्हटलं, “हो. फोटो मिळतील.”

“काऊन?”

हा ‘काऊन’ सोपा नव्हता. त्यात राग नव्हता, खरंच कारण हवं होतं. मी म्हटलं, दादा, लपवायचं काय उरलंय? राजवाड्यांनी १९१०च्या सुमारास तुमच्या सांकेतिक लिपीची किल्ली शोधली, भाव्यांनी ग्रंथ छापले, यवतमाळच्या य. खु. देशपांड्यांनी १९२५ मध्ये सगळ्या वाङ्मयाचा धांडोळा घेतला, नेन्यांनी आणि मग १९७८ मध्ये कोलत्यांनी लीळाचरित्राच्या आवृत्त्या काढल्या. कुणीही ग्रंथालयात जाऊन वाचू शकतं.

ते म्हणाले, “ग्रंथालयात बी नाव लिहाच लागते ना, ताई.”

जुन्या हस्तलिखितांच्या शेवटी लेखक, म्हणजे नक्कल करणारा, एक विनवणी करून ठेवतो. देशभरच्या पोथ्यांत ती थोड्याफार फरकानं सापडते. जसं पाहिलं तसं लिहिलं, चूक असेल तर मला दोष देऊ नका, असं आधी म्हणतो. मग पोथी स्वतःच बोलू लागते : तेलापासून सांभाळा, पाण्यापासून सांभाळा, सैल बांधणीपासून सांभाळा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. मला या यादीतला शेवटचा उतार नेहमी खटकतो. पहिली तीन भयं वस्तूची आहेत, चौथं माणसाचं. फाइलीला तेल लागत नाही, पाणी लागत नाही, तिची बांधणी सुटत नाही. चार भयांतली तीन आपोआप गेली आणि चौथं तेवढं उरलं, म्हणून ते आता फार मोठं दिसतं. पण मूर्ख कोण, हे दारातून कसं ओळखायचं? शतकानुशतकं ते जातीवरून, लिंगावरून, भाषेवरून ओळखल्याचं भासवलं गेलं. माझ्या आजीला ज्ञानेश्वरी ऐकून पाठ होती, वाचता येत नव्हती. तिला मूर्खांत धरणारे लोक गावात होते, आणि ते सगळे वाचणारे होते.

महानुभावांची बाजू मुळात आजीच्याच बाजूची. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामींनी बायकांना संन्यास दिला, खालच्या म्हणवल्या जाणाऱ्या जातींना जवळ केलं, आणि बोलले मराठीत. त्यांच्यामागे नागदेवाचार्यांनी संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केशिराजबासांना अडवलं. संस्कृतात लिहिलंत तर माझ्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील, अशा अर्थाचं ते बोलल्याचं स्मृतिस्थळात आहे. धर्माच्या इतिहासात दार उघडण्याची इतकी साधी कारणं फार कमी सापडतात. त्याच पंथानं चौदाव्या शतकाच्या मध्यावर आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत घातले. रवळोबासांची सकळ लिपी त्यातली सर्वांत चालती, सुंदरी वगैरे आणखी. एका अक्षराच्या जागी दुसरं, काही खुणा नव्या, काही संक्षेप. पंथाबाहेरच्याला पान समोर ठेवलं तरी एक वाक्य लागू नये. हे का केलं, यावर अभ्यासकांत एकमत नाही. कुणी म्हणतात परचक्राच्या भीतीनं, कुणी म्हणतात ग्रंथाचं पावित्र्य राखायला, कुणी म्हणतात लवकर लिहून व्हावं म्हणून. म्हाताऱ्या बायकांना कळावं म्हणून मराठीत आणलेलं ज्ञान पुढे असं झालं की शेजारच्या घरातल्या म्हातारीला ते पाचशे वर्षं दिसलंच नाही.

हे मी दादांना बोलून दाखवलं, जरा चढ्या आवाजातच. त्यांनी उलट मलाच कोंडीत पकडलं.

“तुमच्या ज्ञानेश्वरीचं काय झालं, सांगा बरं,” ते म्हणाले.

मला उत्तर ठाऊक होतं आणि द्यायचं नव्हतं. ज्ञानेश्वरी उघडी होती. कीर्तनात, घराघरात, ज्याला लिहिता येतं त्याच्या हातात. ज्यानं नक्कल केली त्यानं मधेमधे आपलं घातलं, अवघड जुना शब्द काढून आपल्या काळचा सोपा बसवला, ओव्या वाढल्या. शेवटी एकनाथांना शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये, बसून सगळी शुद्ध करावी लागली. उलट लीळाचरित्राची भाषा यादवकाळाच्या इतकी जवळ राहिली की भाषेचे अभ्यासक आजही तिच्याकडे धावतात. “कुलूप होतं म्हनून हाय,” असं दादांचं म्हणणं. त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता आणि मला त्यावर रात्रभर काही सुचलं नाही.

सुचलं ते दुसऱ्या दिवशी सर्व्हर सुरू करताना. चाचणीसाठी मी अनामिकाला वाट उघडली होती आणि त्याच्या फोल्डरवर लिहिण्याचीही मुभा चुकून नव्हे, मुद्दाम ठेवून पाहिली. सर्व्हरनं आत घेतलंच नाही. पाचशे क्रमांकाचा संदेश आला, आणि इंग्रजीत जवळजवळ लाडिकपणे ‘ऊप्स’ म्हणून त्यानं सांगितलं की ज्या खोलीत बाहेरच्याला कोंडायचं, तिचा उंबरठाच त्याला बदलता येत असेल तर मी काम करणार नाही. ख्रिस एव्हान्स नावाच्या माणसानं हा प्रोग्रॅम सुरक्षेची काळजी पहिल्यापासून मनात धरून लिहिला आहे. अनोळखी माणूस आत येण्याला त्याची हरकत नाही. तो वाचो, नेवो, हजारदा नेवो. त्याला लिहिता येऊ नये, याबद्दल मात्र हा प्रोग्रॅम भलताच कडक आहे. त्याच्या सेटिंगमध्ये अनामिकाला आत घेण्याची ओळ वेगळी, लिहू देण्याची वेगळी, अनामिकाला फाइल चढवू देण्याची आणखी वेगळी.

आपल्याकडे अधिकाराची चर्चा हजारो वर्षं झाली आणि तीत या दोन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या गेल्या, असं मला वाटतं. ग्रंथ बिघडेल ही भीती खरी होती. पण ग्रंथ वाचल्यानं बिघडत नाही, लिहिल्यानं बिघडतो. ज्ञानेश्वरी बिघडवली ती ऐकणाऱ्या आजीनं नव्हे. ज्याला लिहायचा अधिकार सगळ्यांनी मान्य केला होता, त्या सुशिक्षित नक्कलकारानं. आणि ग्रंथाच्या रक्षणाच्या नावानं दार लावलं ते आजीच्या तोंडावर. एकनाथांना हे लख्ख दिसलं असावं. त्यांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि शेवटी बजावून ठेवलं की यात कुणी आपली ओवी घालू नये. वाचू नये असं कुणालाही म्हटलं नाही. मला तर ती सोळाव्या शतकातली ‘राइट एनेबल, नो’ वाटते.

आणि कुलपानं तरी राखलं का? लीळाचरित्राची मूळ प्रत चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या धामधुमीत गेलीच. ग्रंथ पुन्हा उभा राहिला तो माणसांच्या आठवणीतून. हिराइसेला लीळा मुखोद्गत होत्या, आणि तिच्या स्मरणावर उभा असलेला पाठ आजही तिच्या नावानं ओळखतात. परशरामबासांचा पाठ वेगळा, रामेश्वरबासांचा वेगळा. म्हणजे लिपी पंथाबाहेरच्यांना अडवत होती तेव्हा पंथाच्या आत पाठ बदलतच होते. त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. ते भेद नावानिशी जपले गेले, हीच केवढी सचोटी. पण कुलपाला त्याचं श्रेय देता येणार नाही. वाचवलं ते एकाहून जास्त ठिकाणी असण्यानं, आणि एकमेकांशी ताडून पाहण्यानं. मी प्रत्येक फाइलीचा ठसा काढून एका यादीत ठेवला आहे. एका आज्ञेनं चौसष्ट अक्षरांची ओळ निघते, आणि फोटोतला एक ठिपका जरी बदलला तरी ती पार वेगळी येते. ती यादी प्रत्येकानं सोबत न्यायची. पंजाबात उतरलेली प्रत आणि अकोल्यातली प्रत एकच आहे का, हे दोन्हीकडच्यांना एकमेकांवर विश्वास न ठेवताही कळतं. जितके नेणारे जास्त तितकं ताडून पाहणं सोपं.

याच प्रोग्रॅमची आणखी एक खोड सांगण्यासारखी आहे. फाइल पाठवण्याच्या जुन्या नियमांत दोन तऱ्हा आहेत : एक जशीच्या तशी, दुसरी मजकुराची, जीत ओळींच्या शेवटच्या खुणा घेणाऱ्याच्या संगणकाच्या सोयीनं बदलल्या जातात. फोटो या दुसऱ्या तऱ्हेनं गेला तर कामातून जातो. कुणी ती तऱ्हा मागितली की व्हीएसएफटीपीडी, सेटिंग बदललं नसेल तर, तोंडानं हो म्हणतो आणि पाठवतो जशीच्या तशीच. सोपं करून द्या म्हणणाऱ्याला नकार देऊन दुखवायचं नाही, पण अक्षरही हलवायचं नाही. ज्ञानेश्वरीला असे दोन-चार नक्कलकार लाभले असते तर नाथांचे कष्ट वाचले असते.

अधिकाराचा विषय निघाला की आमच्या भागात गुलाबराव महाराजांना वगळून पुढे जाता येत नाही. १८८१चा जन्म, माधानचं घर, कुणबी कुळ, आणि दृष्टी गेली ती तान्हेपणीच. म्हणजे वाचायचा अधिकार शास्त्रानं नाकारायचा आणि देहानंही. त्यांनी दुसऱ्यांकडून वाचून घेतलं, ऐकलं, आणि चौतीस वर्षांच्या आयुष्यात वेदान्तापासून आयुर्वेदापर्यंत सांगून सांगून ग्रंथ लिहवले. त्यांच्यासमोर बसून वाचणाऱ्यांत किती जणांना वाचलेलं कळलं असेल? दारावरच्यानं डोळे असलेल्याला आत सोडलं असतं आणि महाराजांना बाहेर ठेवलं असतं.

हे सगळं मी दादांपुढे मांडलं, या वेळी मठात जाऊन, समोर बसून. वाचणं वेगळं आणि लिहिणं वेगळं, हे त्यांना लगेच पटलं. एवढ्यावर वाद मिटला असं समजून मी रामानुजांची गोष्टही सांगून टाकली. गुरूनं गुप्त ठेवायला सांगितलेला मंत्र त्यांनी तिरुकोष्टियूरच्या देवळावर चढून सगळ्या गावाला ऐकवला. फोडलास तर नरकात जाशील, असं गुरू म्हणाले, तर हे म्हणाले, एवढे लोक तरत असतील तर मी जाईन.

दादांनी विचारलं, “देवळावर कोन चढलं?”

“रामानुज.”

“सोता ना? का पोथी वर ठेवून घरी निंघून गेले?”

मला हसू आलं, पण उत्तर आलं नाही. ते पुढे बोलले, त्यांच्या वऱ्हाडीत आणि हळूहळू. मी त्याचा मथितार्थ सांगते. ज्ञान कुणाला मिळू नये असं त्यांचं म्हणणं नव्हतंच. ते कुणाच्याही हातातून न येता मिळावं, याला त्यांची हरकत होती. चक्रधरांना भेटलेल्या एकेका माणसाकडे म्हाइंभट गावोगाव गेले. एकेक लीळा कुणाच्या तरी तोंडून आली, म्हणून ती त्याच्या आठवणीसकट आली. तुमच्या संगणकावर रात्री दोन वाजता कुणी येईल, पोथी नेईल, आणि आम्हाला कळणारही नाही की कुणीतरी तहानेलं आलं होतं. दादांना अडवायचं नव्हतं. भेटायचं होतं. माझ्या सेटिंगच्या फाइलीत यासाठी ओळ नाही.

मला हा मुद्दा अजूनही निम्माच पटलेला आहे. भेटीची अट दयाळू माणसाच्या हातात आहे तोवर ठीक. दादांच्या जागी उद्या दुसरं कुणी बसलं आणि त्यानं भेटीत गोत्र विचारायला सुरुवात केली तर? आपल्याकडे प्रत्येक बंद दार कधीतरी कुणाच्या प्रेमळ देखरेखीखालीच होतं. पण पोथ्या त्यांच्या होत्या आणि जबाबदारीही. म्हणून ती ओळ ‘नो’ केली. सगळ्यांना मिळून एकच खातं काढलं, ‘वाचक’ या नावाचं. त्याला वाचता येतं, लिहिता येत नाही, आपल्या फोल्डरबाहेर पाहता येत नाही. पासवर्ड दादांकडे, हवा त्यानं त्यांना फोन करायचा. यात माझं काम वाढलं. उघड्या दाराला राखण लागत नाही, पण एकदा गुपित केलं की ते वाटेत कुणी ऐकू नये याची व्यवस्था आली, कारण जुन्या एफटीपीत पासवर्ड उघडाच प्रवास करतो. प्रमाणपत्र बनवलं, बोलणं आणि फाइली दोन्ही सांकेतिक करून जातील असं केलं. पलीकडे पोचल्यावर सगळं पुन्हा उघडं, म्हणजे फोटोत होतं तसं सकळ लिपीत! सांकेतिक करणं रस्त्यापुरतं असावं, मुक्कामाला नसावं, एवढं माझं मत मात्र मी त्या दिवशी दादांना ऐकवून आले.

दादांनी एक दुरुस्ती सुचवली ती फार चांगली निघाली. सर्व्हरला जोडलं की नाव विचारण्याआधी तो स्वागताची एक ओळ पाठवतो, क्रमांक २२०. तिथं त्या प्रोग्रॅमचं नाव नि आवृत्ती छापलेली असायची. तिच्या जागी आम्ही ‘दंडवत प्रणाम’ घातलं. काही जुन्या संगणकांवर ते चौकोन-चौकोन दिसतं, पण दादांना त्याचं काही नाही; आधी नमस्कार, मग नाव, हा क्रम त्यांना हवा होता.

फोन येतात. नागपूरच्या मुलीचा आला, पुण्याचा आला. पंजाबातले गृहस्थ हिंदीत बोलत होते आणि ‘दंडवत प्रणाम’ तेवढं खणखणीत मराठीत. एकानं नाव सांगितलं नाही आणि कशाला हवं तेही सांगितलं नाही. दादांनी त्यालाही पासवर्ड दिला. मी म्हटलं, असंच द्यायचं होतं तर मग माझी ओळ काय वाईट होती?

“मांगतलं ना त्यानं,” ते म्हणाले.

नंतर मी एक छोटा फोल्डर वेगळा काढायची परवानगी मागितली, खरोखरच अनामिकांसाठी, बिनपासवर्डाचा. काय ठेवायचं ते तुम्हीच सांगा म्हटलं. त्यांनी फार विचार न करता महदाइसेचे धवळे सांगितले. रिद्धपुरात गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या खेळात एका बाईनं रचलेली लग्नगीतं. ती लपवायची कशी, असं त्यांचं म्हणणं. त्या फोल्डरसाठी मी दुसरा सर्व्हर वेगळ्या दरवाजावर उभा केला. ब्राउझरमधून तो उघडत नाही. क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही २०२१ मध्ये ही वाट बंद केली. त्यामुळे येणाऱ्याला काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायला शिकावं लागतं, किंवा त्यासाठीचा वेगळा प्रोग्रॅम घ्यावा लागतो. कोण कोण आलं याची नोंद सर्व्हर करतो, आणि अनामिकानं पासवर्डच्या जागी जे काही लिहिलं तेही त्यात उतरतं.

दादांनी ती नोंद मला वाचून दाखवायला लावली. मी वाचली. बहुतेक ओळी एकसारख्या होत्या : परदेशातले आकडेरूपी पत्ते, पासवर्डच्या जागी प्रोग्रॅमनं आपोआप भरलेलं काहीतरी, आणि येणं-जाणं काही क्षणांचं. जगभर उघडे दरवाजे चाचपत फिरणारे प्रोग्रॅम असतात, त्यातले हे. धवळे नेणारेही त्यांत होते.

“म्हन्जे मानूस नोयच का?”

“काही माणसं असतील. यावरून सांगता येत नाही, दादा.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. “मशीन वाचते का पन?”

“आजकाल वाचतात म्हणतात.”

“लिहू तर नाई देत ना आपन त्याले?”

“नाही.”

“मंग वाचू द्या,” म्हणाले, आणि पुढच्या पोथीचे फोटो कधी काढायचे ते विचारू लागले.